तिसरीचं नाव

फोन आला तेव्हा तृप्ती दुसऱ्याच कुणाच्या तरी बारशाची पत्रिका जुळवत होती. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या त्या छपाईच्या दुकानात कॉम्प्युटरसमोर बसून तिनं आजवर लोकांची इतकी नावं टाइप केली होती, की कुठलंही नाव ऐकलं की तिला आधी त्याची रुंदी दिसायची. हे एका ओळीत बसेल, याची वेलांटी वरच्या गणपतीच्या पायाला लागेल, हे दोन ओळींत तोडावं लागेल. फोनवर अवंतिका होती, तिच्या धाकट्या भावाची, उन्मेषची बायको. तिला तिसरी मुलगी होऊन अजून आठवडाही झाला नव्हता, पण आवाज इतका ताजा, की बाळंतपण दुसऱ्याच कुणाचं झालं असावं. ताई, कामात नाही ना, असं विचारून तिनं उत्तराची वाट न बघता सुरुवात केली. नावाचं बघायचंय. मोठी मंदाकिनी, दुसरी सौदामिनी, तर तिसरीलाही त्याच चालीतलं पाहिजे, जुनं, घरंदाज, अगदी व्हिंटेज. ती अनाया-बिनाया आता घरोघरी झालीत. आत्या म्हणून नाव सुचवायचा मान तुमचा आणि बारशाला कानात सांगायचाही तुमचाच. इथपर्यंत तृप्ती हं हं करत माउस सरकवत होती. मग अवंतिका आवाज खाली आणून म्हणाली, “नाहीतर मोठी झाल्यावर तिला वाटायचं, दोघींची नावं एकसारखी आणि माझंच कसं निराळं. तिसरी म्हणून ती वेगळी पडायला नको हो ताई.”

बघते, असं म्हणून तृप्तीनं फोन ठेवला. समोर त्या परक्या पत्रिकेवर गुलाबी पाळणा होता, पाळण्याच्या दोऱ्या धरून दोन पोपट होते आणि कर्सर लुकलुकत होता. आपल्याला काय झालंय हे तिला लगेच कळलं नाही. आधी वाटलं, सकाळचं पित्त वर आलं असेल. मग कळलं, आणि कळल्यावर तिची तिलाच शरम वाटली, पण शरम वाटून ते गेलं नाही. तिला त्या पोरीचा हेवा वाटत होता. धड डोळेही न उघडणाऱ्या, दूध आणि झोप यापलीकडे जगात काही असतं हे माहीत नसलेल्या, तिच्याच भावाच्या पोरीचा पंचेचाळिशीच्या बाईला हेवा वाटत होता. आणि तोही साधासुधा नाही. कुणीतरी बाजारात आपल्यासमोर आपलीच वस्तू उचलून दुसऱ्याच्या पिशवीत घालावी, तसा. ती वेगळी पडायला नको. तिसऱ्या मुलीबद्दल असं कुणी म्हणू शकतं, हे तृप्तीच्या कधी ध्यानीमनीही नव्हतं.

कारण तृप्तीच्या घरात असं कुणी म्हटलं नव्हतं. तिचे वडील शाहूपुरीत एका गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी होते, पगार बेताचा पण कानाला संगीत नाटकांची गोडी, आणि त्या गोडीतून पहिल्या मुलीचं नाव प्रमोदिनी ठेवलं गेलं. दुसरी झाली तेव्हा त्यांनी म्हणे चार दिवस दुकानात गुळाच्या ढेपा, रव्यावर रवा मोजताना नावंच मोजली आणि कुमुदिनी घेऊन घरी आले. तिसरी झाली तेव्हा ते दवाखान्याच्या बाकावर बसून होते. नर्सनं मुलगी म्हणून सांगितलं. ते उठले नाहीत. नोंद करणाऱ्या क्लार्कनं, मालक, नाव काय लिहू, असं सहज विचारलं आणि वडील म्हणाले, “तृप्ती लिवा. झाली आता तृप्ती.” हा किस्सा तृप्तीची आई प्रत्येक समारंभात सांगायची. हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला, कुणाच्या साठीशांतीला. सांगताना ती वडिलांसारखा खाली गेलेला आवाज काढायची, आणि सगळे हसायचे, आणि सगळ्यांत आधी तृप्ती हसायची, कारण तिला शेवट ठाऊक असायचा. नाव गोड आहे की, असं कुणीतरी म्हणायचंच. नाव गोडच होतं. पुरे हा शब्द गोड करून सांगितला, एवढाच त्यात दोष.

प्रमोदिनी, कुमुदिनी, तृप्ती. एखादी बाई सरसर जिना उतरत यावी आणि शेवटची पायरी नसावीच, तसं ते वाचताना व्हायचं. शाळेत जाताना दोघी बहिणी पुढं असायच्या, एकीची वेणी दुसरीनं घातलेली, आणि तृप्ती त्यांच्या मागं. वाटेत भेटणाऱ्या बायका म्हणायच्या, या दोघी दिवाणजींच्या ना, प्रमोदिनी नि कुमुदिनी, आणि ही? ही कोण? ही आमची तृप्ती, असं प्रमोदिनी म्हणायची. आमची हा शब्द लावल्याशिवाय ती त्यांची वाटत नसे. नंतर चार वर्षांनी उन्मेष झाला. त्याचं नाव मिळेपर्यंत घरात पंधरवडा दुसरा विषय नव्हता. पण त्याच्या जन्माचा दिवस तृप्तीला आठवतो तो तिच्या स्वतःसाठी. वडिलांनी दुकानातून गुळाची एक लहान ढेप आणली, तिला पाटावर पालथी निजवली, ढेप तिच्या पाठीवर टेकवली आणि वरून मुठीनं बुक्की मारून फोडली. हिच्या पाठीवर मुलगा आला, हिची पाठ गोड, असं म्हणत तो गूळ गल्लीभर वाटला. पाठ चांगली दुखली होती. पण त्या दिवशी घरी येणारी प्रत्येक बाई तिच्या पाठीवरून हात फिरवून गेली, आणि तृप्ती दिवसभर कुणाकडं तोंड करून उभी राहिलीच नाही. पाठ करूनच राहिली.

तरी तिचं एक दुसरं नाव होतं. ते कुणी ठेवलं नव्हतं, तिनंच घेतलं होतं. आठवीत संस्कृतच्या बाई कमळाचे शब्द सांगत होत्या आणि कुमुदिनी हा शब्द आला तेव्हा तृप्तीनं नेहमीसारखी मान खाली घातली; बहिणीचं नाव पुस्तकात आहे, आपलं कुठंच नाही. मग बाई म्हणाल्या, आणि मृणाल म्हणजे कमळाचा देठ, पाण्याखाली असतो, दिसत नाही, पण फूल त्याच्यावर उभं असतं. ज्या तळ्यात अशी कमळं भरलेली ती मृणालिनी. तृप्तीनं मान वर केली. घरी जाताना दोघी बहिणी पुढं होत्या, आणि मागून चालताना तिनं पुटपुटून पाहिलं. प्रमोदिनी, कुमुदिनी, मृणालिनी. शेवटची पायरी पायाला लागली. त्यानंतर कितीतरी वर्षं झोपेच्या आधी, परीक्षेच्या हॉलमध्ये, बसच्या रांगेत, ती स्वतःला त्या नावानं मनातल्या मनात हाक मारायची आणि मनातल्या मनात ओ द्यायची. तोंडानं कधी नाही. कुणी हसलं असतं तर ते नाव मेलं असतं.

एकदाच तिनं ते तोंडाबाहेर काढलं. लग्न ठरलं होतं. दत्तप्रसाद वारणानगरच्या कॉलनीत वाढलेला, कारखान्याच्या भोंग्यावर उठणाऱ्या घरातला, मनानं मोकळा आणि आवाजानं त्याहून मोकळा. साखरपुड्यानंतर दोघं रंकाळ्यावर भेळ खात बसले होते आणि बायकांची नावं बदलायचा विषय निघाला. तृप्तीच्या मैत्रिणींना त्याची चीड होती. आपलं जन्माचं नाव तांदळाच्या ताटात पुसून दुसरंच काही लिहायचं, हा काय न्याय, असं त्या म्हणायच्या, आणि तृप्तीही त्यांच्यात बसून म्हणायची. पण आत तिचा जीव त्या ताटासाठी तहानलेला होता. भेळेचा कागद चुरगाळत, पाण्याकडं बघत ती म्हणाली, तुमच्यात नाव बदलतात ना, मग मला मृणालिनी आवडेल. दत्तप्रसाद म्हणाला, झ्याक हाय की. एवढंच. तिला वाटलं, झालं. लग्नानंतर लक्ष्मीपूजनाला ताट पुढं आलं, तांदूळ पसरले गेले, दत्तप्रसादनं अंगठी हातात घेतली, आणि ती ताटावर आणखी वाकली. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, “नाव काय वंगाळ हाय व्हय पोरीचं? तृप्ती. जेवून उठल्यागत वाटतंय. ऱ्हाऊ दे की तेच.” सगळ्या बायकांनी केवढं कौतुक केलं. अशी सासू मिळायला नशीब लागतं म्हणाल्या. दत्तप्रसादनं तांदळात अंगठीनं तृप्ती असं लिहिलं, त्याचं अक्षर वाईट होतं, प्तीचा नुसता ठिपका झाला. तो विसरला, असं तिनं धरलं. पुरुषांच्या ध्यानात राहतं काय? विसरला असं धरलं म्हणून तर पुढचा संसार नीट झाला.

मग मुलगी झाली तर तिला ठेवू, असं होतं. मुलगा झाला, आणि त्याचं नाव त्याच्या आत्यानं ठेवलं. उन्मेषच्या लग्नाची पत्रिका तृप्तीनंच दुकानात जुळवली, तेव्हा खाली निमंत्रक भगिनींच्या ओळीत सौ. प्रमोदिनी, सौ. कुमुदिनी असं टाइप झालं आणि पुढं बोटं आपोआप चालली. सौ. मृणालिनी. ओळ किती सुरेख बसली होती, डावीकडून उजवीकडं, एकाच मापाची. मालक मागून चहा घेऊन आले तशी तिनं बॅकस्पेसवर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर आपल्या डोळ्यांदेखत खाल्लं जाताना पाहिलं. तृप्ती असं टाइप केल्यावर ओळीत उजवीकडं जागा उरली. त्या जागेत मालकांनी एक छोटा मोर बसवला.

तर आता अवंतिकाला नाव पाहिजे होतं, आणि तृप्तीकडं होतं. सगळ्या कोल्हापुरात त्या पोरीला चपखल बसेल असं एकच नाव होतं आणि ते तृप्तीच्या तोंडात होतं. ते द्यायचं नाही, हे तिनं दुकानातून घरी येता येता ठरवून टाकलं. ठरवल्यावर जरा हलकं वाटलं. रविवारी ती दत्तप्रसादला घेऊन भावाकडं कळंब्याला गेली ती मनात इतर नावांची पिशवी भरूनच. आई कॉटवर बसून नातीच्या टाळूला तेल थापत होती. मोठी मंदाकिनी चित्र रंगवत होती, आणि दुसरी, पाच वर्षांची सौदामिनी, कॉटखाली शिरून बसली होती, कारण बाळ आल्यापासून तिला उजेडात बसावंसं वाटत नव्हतं. साऊ, बाहेर ये, असं तिला दर पाच मिनिटांनी कुणीतरी म्हणत होतं. ती आतून म्हणत होती, “मी न्हाय येत. मी हितंच राहतो.” राहतो नाही, राहते म्हणायचं, असं पुण्याची अवंतिका कळवळून सांगे, पण कोल्हापूरच्या पोरी जातो-येतोच म्हणणार, त्याला अवंतिका काय करणार.

तृप्तीनं पिशवी उघडली. कामिनी, असं ती म्हणाली, आणि अपेक्षेप्रमाणं आईनं तोंड वाकडं केलं. नंदिनी म्हटलं, तर उन्मेष म्हणाला, ती दुधाची पिशवी झाली. पद्मिनी म्हटलं, तर दत्तप्रसादला त्याच्या मामाची जुनी मोटार आठवली आणि ती कशी वाठारजवळ बंद पडायची हे तो सांगत बसला. यामिनी, वाहिनी, मोहिनी. तृप्ती एकेक नाव असं काढत होती, की ऐकताक्षणी कुणाला तरी त्यात खोट दिसावी, आणि प्रत्येक नाव पडलं की तिला आतून बरं वाटत होतं. अवंतिका मात्र एकेक नाव खरोखर तोलून बघत होती. डोळे मिटून ती हळूच म्हणायची, मंदाकिनी, सौदामिनी, यामिनी… आणि मान हलवायची. बरोबर असंच, अगदी याच चालीनं, तृप्तीनं शाळेच्या वाटेवर तोलून पाहिलं होतं. पण स्वतःसाठी, एकटीनं. या पोरीसाठी तिची आई तोलत होती. मांडीवर घेऊन तोलत होती. तृप्तीनं वळून स्वतःच्या आईकडं पाहिलं. आई तेलाचा हात नातीच्या कपाळावरून फिरवत म्हणत होती की तिसरी पोर नशीबवान गं बाई, हिच्यासाठी केवढी शोधाशोध. त्यात टोमणा नव्हता. आईला यात काही आठवत नव्हतं, हेच तृप्तीला लागलं.

आणि तेवढ्यात दत्तप्रसाद मोटारीच्या किश्श्यातून बाहेर आला. मांडीवर थाप मारून म्हणाला, “अगं, तू ते एक नाव काढलंतंस की. लग्नाच्या आधी, रंकाळ्यावर, भेळ खाताना. मृणालिनी.”

अवंतिकानं डोळे मिटले. मंदाकिनी, सौदामिनी, मृणालिनी, असं ती एकदा म्हणाली, मग पुन्हा म्हणाली, आणि डोळे उघडले तेव्हा त्यांत पाणी होतं. उन्मेष म्हणाला, हेच. आई म्हणाली, भारदस्त आहे बाई. ताई, इतका वेळ लपवून ठेवलं होतंत होय, असं म्हणत अवंतिकानं तृप्तीचा हात धरला. विसरले होते, असं तृप्ती म्हणाली. मंदाकिनीनं चित्राच्या कागदावर लगेच तीन नावं एकाखाली एक लिहून दाखवली, त्यात मृणालिनीच्या ऋकाराला जागा पुरेना म्हणून तिला मदत पाहिजे होती. तृप्तीनं मदत केली. शाळेतल्या त्या तासानंतर पहिल्यांदाच ते नाव तिनं दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं, आणि एका दमात चारपाच तोंडांतून, आणि त्यांतल्या एकाचंही तोंड तिच्याकडं नव्हतं.

परतताना गाडीवर ती मागं बसून होती. दत्तप्रसाद खुशीत होता, सासुरवाडीत आपल्यामुळं काम झालं याची त्याला कोण ऐट. तुम्हाला आठवत होतं, असं ती त्याच्या पाठीला म्हणाली. तो म्हणाला, न आठवायला काय झालं. वाटेतल्या संभाजीनगर चौकात सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिनं विचारलं, “मग त्या दिवशी ताटात का नाही लिहिलंत?”

“आई ऱ्हाऊ दे म्हणाली,” दत्तप्रसाद म्हणाला, आणि सिग्नल सुटल्यावर गाडी पुढं घेत म्हणाला, “आणि मला तृप्तीच आवडलंतं की. बदलायचं कशाला?”

हे तो पहिल्यांदाच म्हणत होता. दुसऱ्या एखाद्या दिवशी, दुसऱ्या एखाद्या कारणानं म्हटलं असतं तर तिनं ते वाक्य जपून ठेवलं असतं. आज ते तिच्यापर्यंत पोचलं नाही. तिच्या डोक्यात एकच होतं, की अंगठी हातात घेतली तेव्हा याला नाव आठवत होतं. वीस वर्षं ते याच्या डोक्यात नीट होतं, एकही अक्षर न हरवता, आणि तिला द्यायच्या वेळी निघालं नाही ते त्या पोरीसाठी निघालं. त्यानंतर बारशापर्यंत तिनं कुणाशी भांडण काढलं नाही, पण घरात भांडी जरा जास्त वाजली. दुकानात तिनं भावाच्या पत्रिकेचा मजकूर जुळवला. मालक म्हणाले, आत्यांची डिझाइन काहीतरी खास पाहिजे. तिनं तेच दोन पोपट टाकले.

बारशाला प्रमोदिनी गारगोटीहून आदल्याच दिवशी आली होती. शाळेतली नोकरी तिनं मध्येच सोडली होती, तरी आवाज वर्गातला तो वर्गातलाच राहिला होता. कुमुदिनी परदेशी मुलाकडं गेली होती, ती मोबाइलच्या पडद्यावर भिंतीला टेकून हजर होती. हॉलच्या मध्ये झेंडूनं मढवलेला पाळणा, परातीत घुगऱ्या, आणि कुंची घातलेला वरवंटा आधी पाळण्यात जाऊन आलेला. बायका बाळाला पाळण्याच्या वरून देत होत्या, खालून घेत होत्या, गाणं म्हणत होत्या. साऊ पाळण्याखालीच बसून होती, तिला कुणी उठवलं नव्हतं, बाळ तिच्या डोक्यावरून ये-जा करत होतं. अवंतिका जरीच्या साडीत थकून सुंदर दिसत होती. मग बाळ पाळण्यात ठेवलं गेलं आणि सगळ्या म्हणाल्या, चला आत्याबाई.

तृप्ती वाकली. खरं सांगायचं तर तिनं काही ठरवलं नव्हतं. सांगणारच होती ती. न सांगून करते काय? पाळण्यात तेलाचा, वेखंडाचा, दुधाचा वास होता. बाळाचा कान एवढासा, कडेनं अजून दुमडलेला, वर मऊ लव. तो कान अगदी रिकामा होता. त्यात आजवर कुणी काही चांगलं-वाईट घातलं नव्हतं, आणि पहिलं जे जाईल ते इतकं नेमकं, इतकं शोधून काढलेलं, सगळ्या घरानं पसंत केलेलं असणार होतं. तृप्तीनं हाताचा आडोसा केला, तोंड जवळ नेलं, कुर्रर्र केलं, आणि पुढचं नाव आलं नाही. ओठ हलले. जीभ टाळ्याला लागली, मृ म्हणायला लागतात तसे ओठ मिटले, आणि मिटलेलेच राहिले. देत नाही जा, असं आत कुणीतरी म्हणालं. तिला तो आवाज आठवीतल्या मुलीचा वाटला. तेवढ्यात पाठीत पहिला धपाटा बसला. आत्यानं नाव सांगितलं की तिच्या पाठीत धपाटे घालायचेच असतात. मग दुसरा, तिसरा, प्रमोदिनीचा सगळ्यांत जोराचा, हसणं, बांगड्या, अगं पुरे, अगं मारून टाकाल. काय ठेवलं, काय ठेवलं, असा गलका झाला आणि अवंतिकानंच मोठ्यानं सांगितलं, मृणालिनी. पडद्यावरून कुमुदिनीनं टाळ्या वाजवल्या. तृप्ती पाठ चोळत बाजूला झाली. कुणाला काही कळलं नव्हतं.

मागच्या गॅलरीत वॉशिंग मशिनशेजारी ती उभी राहिली. खाली कळंब्याच्या रस्त्यावर उसाची रिकामी ट्रॉली खडखडत गेली. आपण एवढ्याशा जिवाच्या बारशात चोरी केली, असं तिनं स्वतःला बजावून पाहिलं, आणि वाईट वाटायची वाट बघितली. वाईट वाटत होतंही, पण त्याच्या खाली, हात न पोचणाऱ्या ठिकाणी, कुठंतरी गार समाधान होतं. नाव अजून इथंच आहे. पत्रिकेवर असेल, दाखल्यावर लागेल, पण कानात गेलेलं नाही.

“आत्या,” मागून साऊ म्हणाली. परकराच्या खिशात तिनं घुगऱ्या भरल्या होत्या. “तू नाव सांगितलंच न्हाईस. मी पाळण्याखाली होतो. तू नुसतं कुर्र केलंस.”

तृप्तीनं विचारलं, सांगणार आहेस का आईला? साऊनं एकेक घुगरी खात मान हलवली, नाही म्हणून. वर तोंड करून तिनं आत्याकडं बघितलं, आणि त्या बघण्यात तक्रार नव्हती. “बरं केलंस,” ती म्हणाली. “लई चांगलं नाव हाय ते. तिला कशाला?” मग तिनं सांगून टाकलं, की मंदाताईचं नाव म्हणजे नदी, आणि आपलं म्हणजे नुसती वीज, वर्गातली पोरं लाइट म्हणतात, आणि सगळ्यांत भारी नाव म्हणे सगळ्यांत बारकीला. हनुवटी पुढं आलेली, खालचा ओठ दाबून धरलेला. तृप्तीला तो ओठ ओळखीचा वाटला. आरशात नव्हे, आरशात आपण असं तोंड करत नाही, आतून ओळखीचा.

ती खाली बसली. साऊनं विचारलं, तुझ्या कानात कुणी सांगितलेलं नाव? तृप्तीनं म्हटलं, माझं बारसंच झालं नाही गं. आजीला तेव्हा बरं नव्हतं म्हणतात. साऊ खाता खाता थांबली. एकदाही न्हाय झालं, असं तिनं खात्री करून घेतली. एकदाही नाही, असं तृप्ती म्हणाली. पोरीनं थोडा विचार केला, हात परकराला पुसले, आणि आत्याच्या खांद्याला धरून तिची मान वाकवली. कानाशी हरभऱ्याचा, पेढ्याचा, लहान पोराच्या तोंडाचा ऊन वास आला.

“कुर्रर्र,” साऊ म्हणाली. “मृणालिनी.”

मग मागं जाऊन तिनं आत्याच्या पाठीत एक बुक्की घातली. जोरात घातली, काटकुळ्या मुठीनं, बरोबर मणक्यावर. पुन्हा पुढं येऊन तिनं निकाल सांगितला, की आता ते नाव तुला दिलं, संपलं, आता तिला मिळत न्हाय. तृप्तीला हसायचं होतं. तोंडही तसंच केलं होतं तिनं, पण घशातून निघालं ते हसू नव्हतं, आणि ते पोरीला दिसू नये म्हणून तिनं तिला छातीशी घट्ट धरलं. पाठीवर जिथं बुक्की बसली तिथं चुरचुरत होतं. ती जागा तिला माहीत होती.

आत बाळ रडायला लागलं होतं. प्रमोदिनीनं त्याला उचललं असावं, कारण तिचा आवाज हॉलमधून स्वयंपाकघर ओलांडून मागपर्यंत आला. लहानपणी दिवेलागणीला शनिवार पेठेतल्या जुन्या घराच्या उंबऱ्यात उभी राहून ती अशीच हाक मारायची, आधी कुमुदिनीला लांबवून आणि मग, आठवण झाल्यासारखं, तृप्तीला तोडून. आज ती तितकंच लांबवत म्हणत होती, “मृणालिनीऽ, ए मृणालिनीऽ…”

“ओ,” तृप्ती म्हणाली. हॉलमध्ये ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.